दुसरी पदवी किती वर्षांची? विषयांच्या साखळीचा हिशोब

एक पदवी हातात आहे, तीन-चार वर्षं नोकरी झाली आहे आणि आता वेगळ्याच विषयाची पदवी घ्यायचं डोक्यात आहे. मग कागद-पेन घेऊन हिशोब सुरू होतो. नवी पदवी १२० क्रेडिट्सची, जुन्यातली ४८ धरली जातील, उरली ७२. सेमिस्टरला २४ घेतली की तीन सेमिस्टर. दीडच वर्षाचा तर प्रश्न!

वजाबाकी बरोबर, भागाकारही बरोबर, पण दीड वर्षात पदवी काही हाती येत नाही. याच माणसाला अडीच वर्षं लागू शकतात, आणि एकच विषय राहिला तर साडेतीन. हे का होतं ते एकदा नीट कळलं की प्रवेश कधी घ्यायचा, नोकरी सोडायची का, कुठल्या विषयाच्या सवलतीसाठी विद्यापीठाशी हुज्जत घालायची, हे बरंचसं आपोआप ठरतं.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते पाहू

क्रेडिट, सरकारी मराठीत श्रेयांक, हे वेळेचं माप आहे. ज्ञानाशी त्याचं नातं दुरूनच. त्याचा उगमही गमतीशीर आहे. अमेरिकेत १९०५ साली स्थापन झालेल्या कार्नेगी फाउंडेशनला कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन द्यायचं होतं. या योजनेत यायचं तर प्रवेश देताना शाळेतला अभ्यास ठरावीक तासांच्या मापाने मोजा, अशी अट तिने कॉलेजांना घातली. १९०६ मध्ये पक्कं झालेल्या त्या मापाच्या धर्तीवर पुढे कॉलेजांचे ‘क्रेडिट अवर’ रूढ झाले. म्हणजे आज तुमचा विषय चार क्रेडिट्सचा की तीनचा यावर जो वाद होतो, त्याचं मूळ कुणाच्या तरी पेन्शनमध्ये आहे.

अमेरिकी पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ आठवडे, दर आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर दोन तास. एकूण ४५ तास. पदवीला बहुतेक ठिकाणी १२० क्रेडिट्स, म्हणजे वर्षाला ३०. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट्स आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास. ब्रिटनमध्ये वर्षाला १२०, एका क्रेडिटला १० तास. भारताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४०, एका क्रेडिटला ३० तास.

त्यामुळे एका देशातली ४० क्रेडिट्स दुसऱ्या देशातल्या ४० क्रेडिट्सच्या शेजारी ठेवून उपयोग नाही. आधी ती ‘वर्षाचा कितवा भाग’ आहेत ते काढायचं. ईसीटीएसची ६ क्रेडिट्स म्हणजे वर्षाचा दहावा भाग. तेवढ्याच अभ्यासाला अमेरिकेत ३, ब्रिटनमध्ये १२ आणि भारतीय आराखड्यात ४ क्रेडिट्स मिळतील. नव्या विद्यापीठाने तुमच्या जुन्या क्रेडिट्सचं केलेलं मूल्यांकन हाती आलं की हा गुणाकार स्वतः करून बघा. रूपांतरात चुका होतात, आणि त्या तुमच्या नुकसानीच्या असल्या तर दुसरं कोणी शोधायला बसत नाही.

‘क्रेडिट मान्य’ या शब्दांचे तीन अर्थ

विद्यापीठाने ‘४८ क्रेडिट्स मान्य’ असं कळवलं की माणूस खूश होतो. पण खरी गोम कुठल्या खात्यात मान्य, यात असते.

सगळ्यात चांगला प्रकार म्हणजे विषयाला विषय: तुमचं जुनं ‘संख्याशास्त्र’ इथल्या ‘संख्याशास्त्र’ विषयाच्या जागी धरलं. तो विषय संपला. दुसऱ्या प्रकारात क्रेडिट मिळतं, पण ‘ऐच्छिक’ म्हणून. नव्या पदवीत ऐच्छिक विषयांना जागाच २० क्रेडिट्सची असेल आणि तुमची ४० त्या खात्यात टाकली असतील, तर वरची २० गुणपत्रिकेवर दिसतील एवढंच. एकही विषय कमी होणार नाही. तिसऱ्या प्रकारात विषयातून सूट मिळते, क्रेडिट मिळत नाही. म्हणजे तो विषय पुन्हा करायचा नाही, पण त्याच्या बदली दुसरा घेऊन क्रेडिट्सची बेरीज भरून काढायची.

याच्यावर आणखी एक मर्यादा असते: पदवीचा किमान ठरावीक हिस्सा आमच्याकडेच केला पाहिजे. अमेरिकेत बऱ्याच संस्था १२० पैकी निदान ३० क्रेडिट्स स्वतःकडे करायला लावतात. जुनी पदवी कितीही जवळच्या विषयाची असली तरी एक वर्ष ठरलेलं. जुन्या क्रेडिट्सना वयही असतं. भारतात ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांची क्रेडिट्स साठवणाऱ्या सरकारी डिजिटल खात्यात, जमा झालेली क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. इतरत्र प्रत्येक विभाग आपापली मुदत ठरवतो. संगणक आणि प्रयोगशाळेच्या विषयांत ती बहुधा कमी असते, भाषा-इतिहासात कोणी फारसं विचारत नाही.

म्हणून ‘किती क्रेडिट्स मान्य?’ हा प्रश्न विचारूच नका. विचारा, ‘कुठकुठले विषय मला करावे लागणार नाहीत? यादी लेखी द्या.’ ही यादी फी भरण्याआधी हातात हवी. तोंडी आश्वासन देणारा समुपदेशक पुढच्या सत्रात त्याच खुर्चीवर असेलच असं नाही.

साखळी

आता मूळ मुद्दा. वाणिज्य शाखेचा पदवीधर इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगकडे वळतोय असं समजू. त्याच्या नव्या अभ्यासक्रमात एक रांग अशी असेल: गणित १, मग गणित २, मग डिफरन्शियल इक्वेशन्स, मग सिग्नल्स अँड सिस्टिम्स, मग कंट्रोल सिस्टिम्स आणि शेवटी प्रकल्प. यातला प्रत्येक विषय पुढच्याचा प्रीरिक्विझिट आहे, म्हणजे तो पास झाल्याशिवाय पुढच्याला बसता येत नाही. सहा कड्या, एका सेमिस्टरला एकच कडी. तुम्ही दिवसाला अठरा तास अभ्यास केलात तरी दोन कड्या एकदम होत नाहीत.

त्यात भर म्हणजे वरच्या वर्गाचे विषय दर सेमिस्टरला चालत नाहीत. सिग्नल्स फक्त वर्षाच्या पहिल्या सत्रात आणि कंट्रोल फक्त दुसऱ्या सत्रात शिकवतात असं धरू. छोट्या विभागांत असंच असतं, कारण शिकवणारा माणूस एकच असतो.

गणित १ मधून सूट मिळाली आणि प्रवेश पहिल्या सत्रात घेतला, तर: पहिल्या सेमिस्टरला गणित २, दुसऱ्याला डिफरन्शियल इक्वेशन्स, तिसऱ्याला सिग्नल्स, चौथ्याला कंट्रोल, पाचव्याला प्रकल्प. पाच सेमिस्टर, अडीच वर्षं. उरलेली क्रेडिट्स ७२ असोत नाहीतर ५०, यात फरक पडत नाही.

सूट मिळाली नाही तर? गणित १ पहिल्याला, गणित २ दुसऱ्याला, डिफरन्शियल इक्वेशन्स तिसऱ्याला. चौथं सेमिस्टर वर्षाचं दुसरं सत्र. तेव्हा सिग्नल्स नाही. ते पाचव्याला. मग कंट्रोल सहाव्याला, प्रकल्प सातव्याला. कडी एकच वाढली, पण सेमिस्टर दोन वाढली. चार क्रेडिट्सच्या एका विषयाची किंमत एक पूर्ण वर्ष! आणि उरलेल्या ४४ क्रेडिट्सच्या सवलतीने, म्हणजे भाषा, अर्थशास्त्र, व्यवस्थापन वगैरेंनी, एक दिवसही वाचत नाही. हुज्जत कशासाठी घालायची ते इथे ठरतं.

दुसऱ्या सत्रात प्रवेश घेतला तरी असाच फटका बसतो. सूट मिळूनही डिफरन्शियल इक्वेशन्स पुढच्या पहिल्या सत्रात पडतं, त्याच सत्रात सिग्नल्स घेता येत नाही, आणि त्याच्यासाठी आणखी वर्षभर थांबायचं. पाचाची सहा सेमिस्टर होतात, आणि त्यातलं मधलं एक साखळीच्या दृष्टीने कोरडं जातं. ‘आत्ता उत्साह आहे, सहा महिने कशाला थांबू?’ असं वाटत असेल तर आधी वेळापत्रक बघा. त्या सहा महिन्यांत गणित २ कुठे तरी सुट्या विषयाप्रमाणे करता आलं, तर जास्त कामाचं. सुटा विषय करण्यासाठी बऱ्याच विद्यापीठांत पूर्ण प्रवेश लागत नाही. फक्त तो पुढे धरला जाईल, हे आधी लेखी घ्यायचं.

आराखडा करायची पद्धत उलटी आहे. शेवटच्या विषयापासून सुरुवात करा. प्रकल्पाच्या आधी काय लागतं, त्याच्या आधी काय, असं मागे मागे येत आजच्या दिवसापर्यंत या. प्रत्येक विषयासमोर तो कुठल्या सत्रात चालतो ते लिहा, आणि छापील माहितीपत्रकावर न थांबता गेल्या दोन-तीन वर्षांची प्रत्यक्ष वेळापत्रकं तपासा. माहितीपत्रकात असलेला विषय दोन वर्षं उघडलाच नव्हता, असंही निघतं. अशा दोन-तीन रांगा सापडतील. त्यातली सर्वांत लांब रांग हीच तुमच्या पदवीची लांबी.

यातून एक फायद्याची गोष्टही निघते. साखळीला पाच सेमिस्टर लागणारच असतील, तर ७२ क्रेडिट्स पाचांत वाटली की सेमिस्टरला १४-१५ पडतात. मग २४ घेऊन छाती फोडून घेण्याचं कारण उरत नाही. उलट सोपे, सुटे विषय पहिल्या वर्षातच उरकून टाकणं महागात पडू शकतं, कारण शेवटच्या सेमिस्टरला नुसता प्रकल्प उरतो. अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ धरायचं तर सहसा सेमिस्टरला १२ क्रेडिट्स लागतात. त्याच्या खाली गेलात की शैक्षणिक मदत, विद्यार्थी व्हिसा अशा गोष्टी अडचणीत येऊ शकतात. दोन-तीन सोपे विषय शेवटासाठी राखून ठेवा.

सूट घ्यावी का?

वरच्या हिशोबाने गणित १ ची सूट सोन्याची. पण गणित सोडून सहा वर्षं झाली असतील आणि सूट घेऊन थेट गणित २ ला बसलात, तर? नापास झालात की पुन्हा दुसऱ्या सेमिस्टरला गणित २, तिसऱ्याला डिफरन्शियल इक्वेशन्स, पाचव्याला सिग्नल्स. सात सेमिस्टर. म्हणजे सूट न घेता जिथे पोचला असता तिथेच, शिवाय गुणपत्रिकेवर एक डाग.

याचा निकाल घरबसल्या लागतो. त्याच विद्यापीठाची गणित १ ची जुनी अंतिम प्रश्नपत्रिका घ्या, घड्याळ लावा, वही बंद करून सोडवा. साठ टक्क्यांच्या वर गेलात तर सूट घ्या आणि उरलेले कच्चे भाग दोन-तीन आठवड्यांत भरून काढा. चाळीस ते साठच्या मध्ये असाल तर प्रवेशाआधी आठ-दहा आठवडे रोज तासभर उदाहरणं सोडवायची आणि पुन्हा परीक्षा घ्यायची. त्याच्याही खाली असाल तर अभिमान बाजूला ठेवून गणित १ करा, शक्यतो आधीच्या उन्हाळी सत्रात, म्हणजे वर्षही वाचतं. हे आकडे कुठल्या नियमातले नाहीत, अंदाजाचे आहेत, पण ‘मला सगळं आठवेल’ या अंदाजापेक्षा बरे.

गंज नेमका कुठे चढतो तेही पाहण्यासारखं आहे. डेरिव्हेटिव्ह काढायची पद्धत चार दिवसांत परत येते. अडतं ते खालच्या पायरीवर: अपूर्णांकांचं बीजगणित, लॉगॅरिदमचे नियम, त्रिकोणमितीची सूत्रं. उदाहरणाची रीत कळते, पण तिसऱ्या ओळीत पद एका बाजूचं दुसरीकडे नेताना चिन्ह चुकतं आणि उत्तर जमत नाही. त्यामुळे उजळणी कॅल्क्युलसपासून नको, शाळेच्या बीजगणितापासून हवी. आणि वाचून नको, हाताने सोडवून. सोडवलेलं उदाहरण डोळ्यांखालून घातलं की ‘कळलं’ असं वाटतं. कोरा कागद समोर आला की खरं काय ते कळतं.

कागदपत्रं: गुणपत्रिकेने भागत नाही

विषयाला विषय सवलत देताना समोरचा प्राध्यापक गुण शेवटी बघतो. त्याला सिलॅबस हवा असतो: प्रकरणांची नावं, प्रत्येकाचे तास, प्रयोगशाळेचे तास, वापरलेलं पाठ्यपुस्तक, परीक्षेची पद्धत. आणि तो तुम्ही शिकलात त्या वर्षीचा. आजचा सिलॅबस डाउनलोड करून पाठवला की अर्ज परत येतो, कारण अभ्यासक्रम मध्यंतरी बदललेला असतो. जुन्या विभागाला नेमकं वर्ष सांगून सही-शिक्क्याची प्रत मागा, आणि हे काम प्रवेशाच्या चार-पाच महिने आधी सुरू करा. विषयांची नावं फसवी असतात. ‘व्यावसायिक गणित’ या नावाखाली तुम्ही मॅट्रिक्स आणि डेरिव्हेटिव्ह शिकला असाल, पण नाव वाचणारा व्याजाची गणितं समजून नकार देईल. अर्जासोबत एक पानाचा तक्ता जोडा: डाव्या रकान्यात त्यांची प्रकरणं, उजवीकडे तुमच्या सिलॅबसमधली जागा, पान क्रमांकासह. तपासणाऱ्याचं काम सोपं केलं की निकाल बरा लागतो.

नकार आला तर अपिलाची सोय असते का ते विचारा. परदेशातल्या पदव्या आणि अभ्यास मान्य करण्याबाबतचा, मुख्यतः युरोपीय देशांचा लिस्बन मान्यता करार १९९७ साली झाला. त्यात सामील देशांमध्ये दुसऱ्या सदस्य देशातलं शिक्षण नाकारायचं तर ‘लक्षणीय फरक’ आहे हे संस्थेनेच दाखवायचं असतं. इतरत्र एवढं संरक्षण मिळेलच असं नाही, पण प्रश्न तसाच विचारायचा: नेमकं कुठलं प्रकरण कमी पडतं? उत्तर ‘लाप्लास ट्रान्सफॉर्म’ असं आलं, तर तेवढ्याची परीक्षा द्यायची तयारी दाखवता येते.

पदवीच हवी का?

हा प्रश्न खरं तर सगळ्याच्या आधीचा. परवाना लागणाऱ्या पेशांत, म्हणजे नर्सिंग, वैद्यक, वकिली, वास्तुरचना, शाळेत शिकवणं, तिथली परिषद सांगेल तीच पदवी लागते. तिथे पर्याय नाही. पण याच पेशांत आधीच पदवी असलेल्यांसाठी आखूड वाटाही असतात. अमेरिकेत पदवीधरांसाठीचे वेगवान नर्सिंग अभ्यासक्रम ११ ते १८ महिन्यांचे असतात. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात पदवीधरांना चार वर्षांत वैद्यकीय पदवी करता येते. भारतात कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर कायद्याची पदवी तीन वर्षांची. ब्रिटनमध्ये संगणकशास्त्र किंवा मानसशास्त्रासाठी दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठी एका वर्षाचा ‘कन्व्हर्जन’ अभ्यासक्रम मिळतो. अशी वाट असताना पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसणं म्हणजे हातचा जिना सोडून भिंत चढणं.

परवाना लागत नसेल तर पदव्युत्तर प्रवेशासाठी कुठले चार-सहा विषय कमी पडतात ते विचारा. तेवढेच सुटे करून थेट वरच्या पदवीला जाणं बहुतेकदा स्वस्त पडतं.

पैशाच्या बाबतीतही दुसऱ्या पदवीला सावत्र वागणूक मिळते. अमेरिकेतलं पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत, साधारणपणे पहिली पदवी न झालेल्यांसाठीच आहे. इंग्लंडने समान किंवा खालच्या पातळीच्या दुसऱ्या पदवीचं सरकारी अनुदान २००८-०९ पासून काढून घेतलं, नर्सिंगसारखे काही अपवाद ठेवून. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत सहसा शिक्षणशुल्क नसतं, तरी बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात दुसऱ्या पदवीसाठी सेमिस्टरला ६५० युरो घेतात.

फीपेक्षा मोठा खर्च मात्र बुडालेल्या पगाराचा असतो. सोयीसाठी सगळं ‘सध्याच्या वार्षिक पगारा’त मोजू. पाच सेमिस्टर पूर्णवेळ शिकायचं, म्हणजे अडीच पगार बुडाले. एकूण फी अर्धा पगार. खर्च तीन पगार. नव्या पदवीने कमाई सध्याच्या पगाराच्या चाळीस टक्क्यांनी वाढणार असेल, तर तीन भागिले ०.४, म्हणजे पदवीनंतर साडेसात वर्षांनी खर्च भरून निघतो. साखळीत एक विषय राहून सातवं सेमिस्टर आलं तर खर्च चार पगार आणि भरपाईला दहा वर्षं. व्याज, पगारवाढ, महागाई यात धरलेली नाही, पण गणित २ च्या त्या एका पेपरचं वजन लक्षात यावं.

नोकरी सांभाळून करायचं तर सेमिस्टरला साखळीतला एक आणि बाहेरचा एक असे दोन विषय, ८ क्रेडिट्स. ७२ ला नऊ सेमिस्टर, साडेचार वर्षं. खर्च फक्त फीचा, तो सव्वा वर्षात वसूल. सुरुवातीपासून मोजलं तर पूर्णवेळवाल्याला दहा वर्षं, याला पावणेसहा. कागदावर हा पर्याय सरळ जिंकतो. मात्र ८ क्रेडिट्स म्हणजे आठवड्याला २४ तास: चार संध्याकाळी तीन-तीन, शनिवार-रविवारी सहा-सहा. हे साडेचार वर्षं. प्रयोगशाळा बहुधा दिवसाच असतात, त्यामुळे आठवड्यातली एक दुपार मोकळी द्यायला साहेब तयार आहे का, हे प्रवेशाआधी विचारून ठेवायचं. पदवी जास्तीत जास्त किती वर्षांत संपवावी लागते आणि तोवर जुनी क्रेडिट्स शिळी होत नाहीत ना, हेही.

मधला मार्ग असा: साखळीच्या सुरुवातीच्या दोन कड्या नोकरीत असतानाच सुट्या करायच्या. त्या पार पडल्या तर नोकरी सोडून उरलेल्या तीन कड्या पूर्णवेळ. फक्त त्या सुट्या विषयांच्या जोडीला बाहेरचेही काही उरकावे लागतात, नाहीतर शेवटच्या दीड वर्षावर क्रेडिट्सचा डोंगर येतो. आणि पहिल्याच कडीला दम लागला, तर पगार अजून चालू असतो.